नागीण, वार्धक्य आणि शरीराचा पहारा



२०२३ सालच्या भाद्रपदांतील एका पहाटे माझ्या उजव्या बरगडीखालीं आग होऊं लागली. वरून कांहींच दिसत नव्हतें. मला वाटलें, पित्त खवळलें असेल. तिसऱ्या दिवशीं पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांची एक वळणदार रांग उमटली. शेजारच्या वृद्ध काकूंनीं पाहतांक्षणींच सांगितलें, "मास्तर, ही तर नागीण!" निदान अगदीं बरोबर होतें. परंतु त्यापुढील उपाय, म्हणजे गेरूचा लेप, मंत्रलेलें पाणी आणि 'तोंड व शेपूट एकमेकांस मिळूं देऊं नका' ही ताकीद, यांत माझे चार दिवस गेले. अडतीस वर्षें मुलांना विज्ञानाचे धडे दिलेल्या मास्तरानें असें वागावें, हें आज कबूल करतांना संकोच वाटतो. पण या संकोचापोटींच आजचें हें भाषण जन्माला आलें आहे.

त्या चार दिवसांचे दोन परिणाम झाले. पहिला हा कीं, फोड सुकून गेले तरी त्या जागेची वेदना अकरा महिने सरली नाहीं. सदऱ्याचा स्पर्शहि निखाऱ्यासारखा लागे. दुसरा परिणाम मला अधिक बोचतो. सदरा सहन होत नसल्यामुळें मी उघड्या अंगानें बसत असें, आणि माझी तीन वर्षांची नात नेहमींप्रमाणें येऊन मला बिलगत असे. पंधरा दिवसांनीं तिच्या सर्वांगावर कांजिण्या उठल्या. घरांत, शेजारांत किंवा तिच्या बालवाडींत दुसऱ्या कोणालाहि कांजिण्या नव्हत्या. मग आजोबांच्या नागिणींतून नातीच्या कांजिण्या कशा निघाल्या?

हें कोडें मला नवें असलें तरी जगाला नवें नव्हतें. बुडापेस्ट येथील बालवैद्य यानोश बोकाय यांनीं १८९२ सालींच लिहून ठेविलें होतें कीं, घरांत एखाद्या मोठ्या माणसाला नागीण झाली म्हणजे मागोमाग मुलांना कांजिण्या होतांना दिसतात. त्याचा उलगडा मात्र पुढें फार वर्षांनीं झाला. इंग्लंडांतील सायरेन्सेस्टर या लहान गांवीं एडगर होप-सिंप्सन नांवाचे एक साधे कुटुंबवैद्य होते. त्यांनीं सोळा वर्षांत आपल्या दवाखान्यांत आलेल्या नागिणीच्या १९२ रोग्यांची काळजीपूर्वक नोंद ठेविली आणि १९६५ सालीं आपला निष्कर्ष मांडला. तो असा : कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणु शरीर सोडून जात नाहीं. तो त्वचेंतील मज्जातंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्यालगतच्या मज्जाग्रंथींत जाऊन निजून राहतो. आणि पुढें केव्हां तरी शरीराचा पहारा ढिला पडला कीं, जागा होऊन त्याच वाटेनें परत त्वचेवर येतो. या पुनरागमनालाच आपण नागीण म्हणतों. पुढील संशोधनानें हा निष्कर्ष खरा ठरविला.

नागिणीचा आकारहि यावरून उलगडतो. कण्यापासून निघणारा प्रत्येक मज्जातंतु शरीराच्या एका बाजूच्या एका पट्ट्याला संवेदना पुरवितो. एका ग्रंथींतून निघालेला विषाणु तेवढ्याच पट्ट्यांत फिरतो, म्हणून फोडांची रांग वळणदार दिसते आणि बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीं थांबते. तिची दोन टोकें मिळालीं म्हणजे माणूस दगावतो, या समजुतीला कांहींहि आधार नाहीं.

माझ्या आठवणीप्रमाणें मला कांजिण्या आल्या त्या १९६८ सालीं. मी तेव्हां तिसरींत होतों. आईनें कडुनिंबाच्या पाल्यावर निजविलें होतें, हें अजून डोळ्यांपुढें आहे. म्हणजे हा पाहुणा माझ्या पाठींत तब्बल पंचावन्न वर्षें मुक्काम करून होता. आतां खरा प्रश्न असा कीं, इतकीं वर्षें तो गप्प कां बसला आणि साठीनंतरच कां उठला? होप-सिंप्सन यांच्या नोंदींत दहा वर्षांखालील मुलांत नागिणीचें प्रमाण दर वर्षीं हजारीं एकाहूनहि कमी होतें. ऐंशी वर्षांच्या पुढें तें हजारीं दहांवर गेलें. विषाणु तोच, ग्रंथि त्याच. बदलला होता तो पहारेकरी.

हे पहारेकरी म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं टी नांवाच्या पेशी. त्यांची शाळा उरोस्थीच्या मागें, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. तिला थायमस ग्रंथि म्हणतात. या ग्रंथीचें महत्त्व जॅक मिलर यांनीं १९६१ सालीं लंडन येथें दाखवून दिलें. तोंवर ती निरुपयोगी समजली जात असे. या शाळेंत कोवळ्या पेशी दाखल होतात, आपलें कोण आणि परकें कोण हें शिकतात, आणि परीक्षेंत उतरलेल्या तेवढ्याच बाहेर पडतात. पण ही शाळा मनुष्य वयांत आल्यापासूनच आक्रसूं लागते, आणि साठीच्या सुमारास तिच्या जागीं बव्हंशीं चरबी उरते. म्हणजे वृद्धापकाळीं नवे विद्यार्थी जवळजवळ मिळत नाहींत. जुन्या विद्यार्थ्यांवरच कारभार चालवावा लागतो. पूर्वीं कधींहि न भेटलेला रोग आला, तर त्याला ओळखणारा कोणी नसतो. २०२० सालीं करोनानें वृद्धांचा एवढा संहार केला, त्याचें हें एक मोठें कारण होय.

बरें, जुने विद्यार्थी तरी ताजेतवाने राहतात काय? त्याच १९६१ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनीं दाखविलें कीं, माणसाच्या शरीरांतील साधी पेशी काचपात्रांत वाढविली, तर ती सुमारें पन्नास वेळां दुभंगते आणि मग थांबते. पुढें त्याचें कारणहि कळलें. पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नांवाचा राखीव भाग असतो, आणि प्रत्येक विभाजनाबरोबर तो थोडा झिजतो. धोतर दर धुण्याला काठाकडून थोडें विरावें, तसाच हा प्रकार. या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शॉस्टक यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टी पेशींना तर शत्रु दिसला म्हणजे एकीच्या हजारों व्हावें लागतें. प्रत्येक लढाई म्हणजे एक धुणें! झीज भरून काढण्याची थोडीशी सोय त्यांच्यापाशीं असते, पण आयुष्यभर ती पुरी पडत नाहीं.

त्यांतहि कांहीं पाहुणे विशेष खर्चिक असतात. कांजिण्यांच्या विषाणूचा सायटोमेगॅलो नांवाचा एक भाऊबंद आहे. आपल्या देशांत बहुतेक प्रौढांच्या शरीरांत तो लहानपणींच शिरलेला असतो आणि कसलाहि गाजावाजा न करतां राहतो. परंतु त्याच्यावर नजर ठेवण्याचें काम अखंड चालतें. आणि कित्येक वृद्धांत टी पेशींचा दहावा हिस्सा, क्वचित् त्याहूनहि अधिक, या एकट्यावर गुंतून पडलेला आढळतो. ज्या पोलीसचौकीचे शिपाई एकाच दारापाशीं उभे, तिनें गांवाची गस्त कशी घालावी?

थकलेल्या पेशी निमूटपणें मरून गेल्या असत्या, तर एक वेळ बरें झालें असतें. पण त्यांतील कित्येक मरत नाहींत, दुभंगतहि नाहींत. आपल्या जागीं बसून दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें स्रवत राहतात. विषाणूंनीं पछाडलेली तरुण पेशीहि कित्येकदां हीच अवस्था धरते. करोनाच्या विषाणूबाबत तें २०२१ सालीं दिसून आलें. असा दाह म्हणजे राखेखालचा निखारा. ज्वाळा दिसत नाहीं, पण घर तापत राहतें. इटलींतील क्लॉडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं दाह आणि वार्धक्य हे दोन शब्द जोडून या स्थितीला एक नवेंच नांव दिलें. या दाहानें रक्तवाहिन्या कठीण होतात, स्नायु झिजतात, आणि उरलेला पहाराहि गोंधळतो. म्हणजे वार्धक्य रोगाला दार उघडतें, आणि आंत शिरलेला रोग वार्धक्याला हात देतो. दोघांचें हें सख्य ओळखणें, हेंच माझ्या आजच्या सांगण्याचें सार आहे.

म्हणून 'वय झालें, आतां असें चालायचेंच' हें वाक्य आपण फार लवकर उच्चारतों, असें मला वाटूं लागलें आहे. वय थांबवितां येत नाहीं हें खरें. पण पहाऱ्याला मदत करतां येते. नागिणीविरुद्ध पहिली लस आली, तिची साठीपुढील अडतीस हजारांहून अधिक लोकांवर परीक्षा होऊन २००५ सालीं निकाल लागला. तिनें नागिणीचें प्रमाण सुमारें निम्म्यानें कमी केलें. पण सत्तरी ओलांडलेल्यांत, म्हणजे जेथें गरज अधिक तेथेंच, तिचा गुण कमी पडला. त्याचें कारण आतां आपल्या लक्षांत येईल : थकलेल्या पेशींना साध्या हांकेनें जाग येत नाहीं. मग शास्त्रज्ञांनीं नव्या लशींत विषाणूचें केवळ एक प्रथिन घेतलें आणि त्याच्या जोडीला हांक मोठी करणारीं द्रव्यें घातलीं. त्यांतील एक द्रव्य दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत होणाऱ्या एका झाडाच्या सालीचें आहे. आपल्या रिठ्याप्रमाणें तिलाहि पाण्यांत फेंस येतो. २०१५ व २०१६ सालीं या लशीचे निकाल प्रसिद्ध झाले, आणि सत्तरीच्या पुढेंहि सुमारें शेंकडा नव्वद संरक्षण दिसून आलें. आपल्या देशांत ती २०२३ सालापासून मिळूं लागली. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानें, तिच्या दोन मात्रा घ्यावयाच्या असतात. ती स्वस्त नाहीं, हें मी लपवीत नाहीं. आपल्या प्रकृतीला ती मानवेल किंवा नाहीं, हें आपल्या डॉक्टरांना विचारावें. ज्यांना एकदां नागीण होऊन गेली त्यांनाहि ती घेतां येते. मीं ती घेतली आहे.

आणि लस घेण्यापूर्वींच फोडांची रांग उमटलीच, तर एवढें लक्षांत ठेवा. विषाणूला रोखणारीं औषधें आहेत, पण तीं फोड उमटल्यापासून बहात्तर तासांच्या आंत सुरू करणें श्रेयस्कर. लेप आणि मंत्र यांत हे तास घालवूं नका. फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील, तर एक दिवसहि थांबूं नका. दृष्टीला धोका असतो. फोड सुकून खपली धरेपर्यंत ते स्वच्छ कापडानें झांकून ठेवा, आणि कांजिण्या न झालेलीं मुलें व गरोदर स्त्रिया यांना आपल्यापासून दूर ठेवा. यांतील एकहि गोष्ट मीं केली नाहीं. कांजिण्यांची लस मुलांना एक वर्षानंतर देतां येते. पण ती सरकारी यादींत नाहीं, म्हणून आमच्याकडून 'पुढच्या महिन्यांत पाहूं' असें म्हणतां म्हणतां नातीची ती राहून गेली होती.

नात आतां अगदीं बरी आहे. कपाळावर मसुरीएवढा एक व्रण राहिला आहे, तेवढाच. पण रात्रीं कधीं ती माझ्या शेजारीं निजली म्हणजे मनांत येतें : १९६८ सालीं माझ्या वर्गांतील कोणा मुलाकडून मला मिळालेला तो विषाणु आतां हिच्या पाठींत जाऊन निजला आहे. मी नसेन, तेव्हांहि तो असेल. आजोबांनीं नातीला पुस्तकें द्यावीं, गोष्टी द्याव्या. मीं तिला हेंहि दिलें. तें परत घेतां येत नाहीं. ती मोठी होऊन पन्नाशीला पोहोंचेल, तेव्हां तिनें काय करावें, तें मात्र मीं तिच्या आईच्या वहींत तारीख घालून लिहून ठेविलें आहे. आपणहि आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना आज रात्रीं जेवतांना एवढा एक प्रश्न विचारा कीं, लहानपणीं तुम्हांला कांजिण्या आल्या होत्या काय? बहुतेक जण 'हो' म्हणतील. त्यापुढील बोलणें मग आपोआप सुरू होईल.