जबानीच्या आधीची दहा मिनिटं

(मुंबईत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत पाळी करणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता लिहितो, पण भाषण म्हटलं की घसा कोरडा पडतो. आज मला ध्यानावर बोलायला सांगितलंय. मागं बसलेला एक दोस्त आत्ताच म्हणाला, 'ध्यान? पोट भरलेल्यांचा धंदा!' दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोलायचो. वर शिवी जोडून.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टोळीतला माझा जोडीदार स्टीलच्या कॉइलखाली गेला. वर उचलताना तार तुटली. त्याआधी तीन दिवस आम्ही मुकादमाला सांगत होतो, तार उसवलीय, बदला. बदलली नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं कागद रंगवला – मयत नको तिथं उभा होता. आणि आठवड्याभरात आम्हाला ताणतणावावर तासभर शिकवणी! डोळे मिटा, खोल श्वास घ्या, मन शांत ठेवा. मी डोळे मिटले, तर कॉइलच दिसली. च्यायला, तार बदलायला पैसा नाही, आमची मनं बदलायला आहे. उठून बाहेर आलो.

झोप गेली. दारू आली. जोडीदाराच्या बायकोनं भरपाईचा दावा लावला, त्यात साक्षीदार मी. पण आठवायला बसलो की अंगाला कापरं भरायचं. आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं कालवून जायचं. असला साक्षीदार काय कामाचा?

मग मामानं बोलावून घेतलं. मामाचं गाव आरमोरी तालुक्यात. वडसा स्टेशनावर उतरलो तेव्हा धानाचे रोवणे सुरू होते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती कागदावर. मोहाची कुठं मिळते ते मी दुसऱ्याच दिवशी हुडकलं. तिसऱ्या दिवशी ते सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी उपदेश केला नाही. संध्याकाळी शेजारच्या दोन बाया दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'चाल बापू, विहारात. एकटा बसून काय करतं?'

विहार म्हणजे चार भिंती, वर टिना, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास. रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा. नववीतली पोरगी वाचते आणि रोवण्यावरून आलेल्या बाया पायाचा चिखल धुऊन ऐकतात. वंदना झाली की दहा मिनिटं आनापान. नाकाशी श्वास येतो, जातो, तो नुसता बघायचा. ओढायचा नाही, कोंडायचा नाही. मन पळालं की परत आणायचं. मंत्र नाही, देव नाही, बुवा नाही. दहा मिनिटं झाली की अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक आजी ताटलीवर चमचा वाजवते. झालं ध्यान.

ही आजी कोण? 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचं ते गाव. आजी तेव्हा आठ वर्षांची, बापाच्या बैलबंडीत बसून गेली होती. तिला आठवतात ते पांढरे कपडे आणि धूळ. नागपूरच्या दीक्षेनंतर त्रेपन्नाव्या दिवशी बाबासाहेब गेले. शिकवणारा गेला आणि खेड्याखेड्यांत राहिली बावीस प्रतिज्ञा आणि पुढं छापून आलेला तो ग्रंथ. आपल्या माणसांनी देव्हारे फेकले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पोरं शाळेत घातली. पण डोळे मिटून बसायचं कसं, हे दाखवायला गावात कोण येणार होतं?

ते फार उशिरा आलं. गोएंकागुरुजी 1969 ला ब्रह्मदेशातून इकडं आले, 1976 ला इगतपुरीला शिबिरं सुरू झाली. या गावातला एक मास्तर दहा दिवस बसून आला आणि त्यानं आजीला शिकवलं. तिथं मौन पाळावं लागतं. आपल्यातले काही विचारतात, हजारो वर्षं आपल्याला बोलू दिलं नाही, आता आणखी मौन कशाला? प्रश्न चोख आहे. मला तो अजून टोचतो. पण विहारात दहा मिनिटांनंतर ज्या गप्पा उसळतात – रेशन, घरकुल, कोणाच्या नवऱ्यानं हात उचलला – त्या ऐकल्यावर एवढं कळलं, की लादलेलं मौन वेगळं आणि आपण धरलेलं वेगळं.

बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत थेट विचारलंय : भिक्खू कशासाठी? स्वतः परिपूर्ण होऊन बसायला की समाजाची सेवा करायला? हा प्रश्न ध्यान करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर ठेवला पाहिजे. आणि ध्यानाला हसणाऱ्यांनी अकरावी प्रतिज्ञा काढून बघावी. अष्टांग मार्गाची आहे ती. त्या मार्गाचं आठवं अंग सम्यक समाधी. सात घेऊन आठवं टाकायचं, हा व्यवहार कोणी ठरवला?

मला सोपं गेलं नाही. पंधरा दिवस श्वासाच्या जागी कॉइलच. एका रात्री मोठ्यानं रडलो. कोणी डोळे उघडले नाहीत, कोणी उठलं नाही. ताटली वाजली, एका बाईनं पाणी दिलं. पण मी एकटा बसलेलो नव्हतो, आजूबाजूला वीस माणसं श्वास घेत होती. खोलीत एकट्यानं केलं असतं तर पळालो असतो.

पुढं मैत्री भावना आली. आधी स्वतःचं भलं इच्छायचं, मग मित्राचं, मग ओळख नसलेल्याचं, मग वैऱ्याचं. ठेकेदारापाशी माझी गाडी अडली. आजीला सांगितलं, जमत नाही. ती म्हणाली, 'नाही जमत तं नको करू. तुया दोस्तापाशीच थांब.' मी विचारलं, म्हणजे त्याला माफ करायचं? आजी चिडली. 'माफी कायची? मैत्री घरी, जबानी कोर्टात!'

आश्विनी पौर्णिमेनंतर परत आलो. तिकिटाचे पैसे बायांनी बचत गटातून दिले, ते मी फेडतोय. सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसलो. शिपाई हसला, त्याला वाटलं डुलकी लागली. आत गेलो. त्यांच्या वकिलानं तेच तेच उलटंसुलटं विचारलं. हात कापत होते, पण या वेळी क्रम सुटला नाही : कुठल्या दिवशी तार उसवली, कोण कोण हजर होतं, मुकादमाला काय सांगितलं, तो काय बोलला. सगळं लिहून घेतलं गेलं. खाली सही माझी.

निकाल अजून लागलेला नाही. त्या टोळीतून मला काढलं, आता दुसरीत आहे. दारू तीनदा परत आली, खोटं कशाला बोलू? आजीचा मामाच्या फोनवरून फोन येतो, आधी विचारते तारीख कधी, मग विचारते बसतो की नाही. पुढच्या तारखेला धान कापून झालेलं असेल, म्हणून ती दोन बायांना घेऊन येणार आहे. त्यांना उतरायला जागा पाहिजे. कोणाच्या खोलीत सोय होत असेल तर बैठक संपल्यावर मला भेटा.