शुद्ध म्हणजे काय?

गिरगांवांतील वाण्याच्या दुकानीं ‘शुद्ध’ हा शब्द तुपाच्या डब्यावर असतो, मधाच्या बाटलीवर असतो. व्यवहारांत त्याचा अर्थ एवढाच कीं, त्यांत परकें कांहीं घातलेलें नाहीं. रसायनशास्त्राची कसोटी याहून कडक आहे. ज्याचे सर्व कण एकाच घडणीचे, तोच शुद्ध पदार्थ. मग तो मूलद्रव्य असो कीं संयुग. या कसोटीला निर्भेळ दूधसुद्धां मिश्रणच ठरतें. त्यांत पाणी, स्निग्धांश, साखर व प्रथिनें एकत्र नांदतात आणि त्यांचें प्रमाण म्हशीगणिक बदलतें.

मिश्रणें दोन प्रकारचीं. तांदळांतले खडे डोळ्यांना दिसतात. पाण्यांत विरघळलेलें मीठ दिसत नाहीं, तरी जिभेला कळतें. पण डोळे व जीभ दोन्हीं फसलीं तर काय होतें, याचा दारुण अनुभव मुंबईनें १९८६ सालीं घेतला.

त्या वर्षाच्या आरंभीं भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत कांहीं रुग्णांना औषध म्हणून ग्लिसरीन देण्यांत आलें. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें होतें. मूत्रपिंडें निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. हे दोन्ही द्रव बिनरंगी, दाटसर व गोड. एकमेकांत असे मिसळतात कीं कोठें रेघसुद्धां उमटत नाहीं. अमेरिकेंत १९३७ सालीं याच विषांत एक जंतुनाशक औषध विरघळवून विकलें गेलें आणि १०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

मग भेद ओळखावा कसा? शुद्ध पदार्थाचे गुणधर्म ठराविक असतात. ग्लिसरीन सुमारें २९० अंश सेंटिग्रेडला उकळतें, हें विष २४५ अंशांच्या आसपास. एक घन सेंटिमीटर ग्लिसरीन १.२६ ग्रॅम भरतें, तें विष १.१२ ग्रॅम. मिश्रणाचें वजन यांच्या अधेंमधें पडतें. पण ग्लिसरिनांत पाणी घातलें तरी वजन घटतेंच. म्हणजे तराजू ‘हें शुद्ध नाहीं’ एवढेंच सांगतो. मिसळलें काय, हें प्रयोगशाळेंतील पृथक्करणानेंच कळतें.

जे. जे. प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. परीक्षेचें ज्ञान तेव्हांही होतें. तें वेळेवर वापरलें गेलें नाहीं. म्हणून बाटलीवर ‘शुद्ध’ असें वाचलें, कीं तें कोणी व कसें तपासलें, हेंही सुजाण गृहस्थानें अवश्य विचारावें.