‘गॅसची गोळी’ म्हणून बंद केली, आणि मग…

आज घरचीच गोष्ट सांगतो. तुमच्या घरात कुणाचं अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं असेल, तर हा भाग शेवटपर्यंत ऐका.

माझ्या मामांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. ऑपरेशन नीट पार पडलं, घरी आले. डिस्चार्जच्या कागदावर सात-आठ औषधं. त्यात एक पॅन्टोप्राझोल. आता हिला आपल्याकडे कोण औषध मानतं? अँटिबायोटिकसोबत ही, लग्नात जास्त जेवलं की ही. गॅसची गोळी! महिनाभराने शेजारचे काका म्हणाले, रोज घेऊ नका, हाडं ठिसूळ होतात. मामांनाही गॅस वगैरे काही जाणवत नव्हता. केली बंद. डॉक्टरांना विचारलं नाही.

दोनेक महिन्यांनी पोळी घशाखाली अडकायला लागली. मग मऊ भातसुद्धा. मामी रात्रभर रडली, तिला वाटलं कॅन्सर परत आला.

तसं नव्हतं. एंडोस्कोपीत दिसलं की जोड आवळलाय.

म्हणजे काय, ते समजून घ्या. या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा खराब भाग काढतात. मग बहुतेक वेळा जठराचीच लांब नळी करतात, ती छातीत किंवा पार मानेपर्यंत वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. ॲसिड खालीच अडवणारी नैसर्गिक झडप यात जाते. आडवं झालं की ॲसिड सरळ जोडापर्यंत. जठराला त्याची सवय असते, अन्ननलिकेला नसते. तिथे सूज येते, व्रण धरतो, वाट अरुंद होते. म्हणजे ही गोळी ढेकर थांबवायला नव्हतीच, जोड सांभाळायला होती.

स्वीडनमध्ये यावर एक अभ्यास झाला, 2009 साली छापून आला. छोटाच, साधारण 80 रुग्णांचा. याच जातीची गोळी न घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा जोड आवळला, घेणाऱ्यांपैकी आठातल्या एखाद्याचा. म्हणजे घेऊनही होऊ शकतं, आणि मामांचं गोळी सोडल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. हाडांबद्दल काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. वर्षानुवर्षं घेतली तर तो मुद्दा आहे. पण तो डॉक्टरांसमोर काढायचा ना!

घेण्याची पद्धतही महत्त्वाची. सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. आणि कुटायची नाही! तिच्यावरचं आवरण ॲसिडपासून औषधाला वाचवतं. बरेच पेशंट पोटात फीडिंगची नळी घेऊन घरी येतात. त्यातून चुरा घातला तर नळीच तुंबते. गिळता येत नसेल तर दुसऱ्या स्वरूपात मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरं, पोटावरची इंजेक्शनं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनच्या जातीचं हे औषध असतं. कॅन्सरच्या अशा मोठ्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा चार आठवडे चालतं, म्हणजे घरी आल्यावरही. “बाबा आता चालतात की” म्हणून थांबवू नका. पायात झालेली गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला, तर थेट हॉस्पिटल. रक्तस्राव झाला किंवा शौच काळी झाली, तरी लगेच फोन.

काहींचे ठोके ऑपरेशननंतर अनियमित होतात, त्यासाठी हृदयाचं औषध देतात. ते किती दिवस, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

मामांचा जोड एंडोस्कोपीतून फुगा घालून रुंद केला. तीनदा जावं लागलं. आता पोळी खातात, दुधात कुस्करून, हळूहळू. त्यांच्या फोनवर मी सकाळी साडेसहाचा अलार्म लावून दिलाय. नाव ठेवलंय ‘जोडाची गोळी’.

चला, भेटू पुढच्या भागात.