थांबव म्हटलं की गाडी थांबायची

मागच्या महिन्यात आमच्या गटाला निरोप आला की तुमच्या कोकणच्या प्रवासाचं रेडिओवर सांगा. आम्ही म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? गेलो, पाहिलं, आलो. मग चार जणी एकत्र बसलो आणि आठवायला लागलो, तर दिवे लागले तरी बोलणं संपेना. म्हणून आलो. एकीनं वाचायचं ठरलंय, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

आमचं गाव माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला. गटात आम्ही तेरा जणी. बचतीचे पैसे वेगळे आणि हा डबा वेगळा. दर आठवड्याला तीस रुपये, तीन वर्षं. एकीचे झाले चार हजार सहाशे ऐंशी. हे पैसे कर्जाला द्यायचे नाहीत, लग्नाला नाहीत, दवाखान्यालासुद्धा नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरलं. दवाखान्याचं ठरवताना बराच वाद झाला. शेवटी आत्या म्हणाल्या, दवाखान्यासाठी दुसरीकडून उभं करू, याला हात लावला तर हा डबा कधीच भरणार नाही. आत्या आमच्यात सगळ्यात थोरल्या, पासष्ट पार केलेल्या. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी सगळं झालेलं, पण समुद्र पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर आमच्यातल्या नऊ जणींनी पाहिला नव्हता.

घरोघरी एकच प्रश्न झाला. कशाला? देवाला चाललाय का? प्रशिक्षण आहे का? लग्न आहे का? नुसतं समुद्राच्या कडेनं गाडीतून हिंडायचं, हे कुणाच्या पचनी पडेना. शेवटी हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याची नावं सांगितली तेव्हा काही घरं गप्प झाली. देव उपयोगी पडतो तो असा. तरीही निघायच्या दिवशी पहाटे आमच्यातली एक वहिनी आलीच नाही. पिशवी भरलेली होती. घरून आडवलं. तेरा सीटची गाडी, बारा जणी निघालो. त्या सीटवर कुणी बसलं नाही, भाकरीचं गाठोडं ठेवलं.

आता नियम सांगतो. गाडी चालवणारा आत्यांचा भाचा. त्याला निघतानाच सांगितलं होतं, कुणीही 'थांबव' म्हणालं की थांबवायची. का ते विचारायचं नाही. आम्हीही एकमेकींना विचारायचं नाही. हा नियम का केला हे तुम्हा सगळ्यांना न सांगता कळेल. आपण एसटीत बसायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतो. वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसलो तर सहा-सहा तास लघवी धरून ठेवतो. चालत्या गाडीला 'थांबव' असं आयुष्यात कधी म्हटलेलंच नाही. पहिल्या दिवशीसुद्धा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळीच्या घाटात उतरायला लागलो, वळणावर वळणं, तेव्हा पहिल्यांदा एकीला म्हणावं लागलं, आणि ते उलटीसाठी होतं. पण वाट मोकळी झाली. पोलादपूर येईपर्यंत चार वेळा थांबलो. पाण्याची बाटलीही पहिल्यांदा तिथंच फिरली.

घाट उतरलं की माती लाल होते, हवा चिकट होते आणि कौलारू घरं लागतात. श्रीवर्धनला चहा घेतला. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ या गावचे. १७१३ साली साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. ते इथून वर गेले, आम्ही तिकडून खाली आलो, असं एकजण म्हणाली आणि उगाच मोठं वाटलं. तिन्हीसांजेला हरिहरेश्वर. देवळामागच्या खडकांवर लाट फुटते त्याचा आवाज आधी आला. आम्हाला वाटलं लांब कुठं ट्रक चाललेत. मग समोर ते सगळं पाणी. कुणी ओरडलं नाही, काही नाही. आत्यांनी हात जोडले आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट असतं हे माहीत होतं, तरी घेतलंच. मग थू थू करत जे हसू आलं, ते रात्री अंथरुणावर पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर गेलो असू. बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. आम्ही गेलो तेव्हा तिथं पूल नव्हता. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, पलीकडे वेश्वीला उतरायचं. रायगड जिल्हा संपतो, रत्नागिरी लागतो. गाडीत बसून पाण्यावरून जाताना आमच्यातल्या एकीनं डोळे घट्ट मिटून हरिपाठ म्हटला आणि पलीकडे लागल्यावर म्हणाली, परत एकदा जाऊया का?

मुक्काम वेळासला होता. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. पण आता लोक जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि परत समुद्रात जाते. मागं वळून बघत नाही. पूर्वी ही अंडी लोक काढून खायचे, कोल्ही-कुत्री उकरायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात नेऊन पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. वर टोपली पालथी घातलेली असते. आम्ही होतो त्या सकाळी टोपली उचलली तर खाली सात पिल्लं. तळहातावर मावतील एवढी. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली, आम्ही दोरीमागं उभ्या. आपापल्या पायानं गेली. एक लाटेनं चार वेळा मागं फेकलं, पाचव्यांदा गेलं.

आमच्यात यावरून भांडणच झालं. एक म्हणाली, काय ही आई, अंडी टाकून निघून गेली. दुसरी म्हणाली, मग काय आयुष्यभर बसून राहायचं? आम्ही बसलोच ना, काय झालं? यावर कोण बरोबर ते ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

तिथं गावातल्या घरातच राहायची सोय असते. राबत्या बायकाच सगळं बघतात. ज्या काकींच्या घरी उतरलो त्यांनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी वाढली. आम्ही शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांना ती एवढी आवडली की कुटायची कशी ते विचारून घेतलं आणि निघताना आमच्या हातावर किलोभर आमसुलं ठेवली. पैशाला हात लावू देईनात. मग सगळी चटणी तिथंच ठेवून आलो आणि पुढचे तीन दिवस चटणीवाचून काढले.

तिसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचलो ते चारच्या सुमाराला. मासळीचा लिलाव चालू होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आमच्यातल्या माळकरी दोघी नाकाला पदर लावून गाडीतच बसल्या, बाकीच्या उतरलो. ओल्या वाळूवर ढिगाला ढीग लागलेले, बोली बोलणारा ओरडतोय आणि कोळणी अशा उभ्या की त्यांच्यापुढं कुणाची बोलायची छाती नाही. आम्ही बाजारात कांदा नेतो तेव्हा व्यापारी रुमालाखाली बोटं दाबतो आणि आम्ही कडेला उभ्या असतो. इथं बाई स्वतः बोली लावते, पटलं नाही तर तोंडावर सांगते. आम्ही मासा एकच घेतला, पण तासभर उभ्या राहिलो.

आणि मग दाभोळ. हे आम्हाला सावकाश सांगायचं आहे.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोटीनं पलीकडे धोपाव्याला गेलं की गुहागर जवळ, नाही तर चिपळूणवरून मोठा वळसा. बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो होतो. सूर्य खाली आला होता, पाणी तांबूस. तिथं एक म्हातारे गृहस्थ होते. कुठल्या तुम्ही, म्हणाले. सातारा जिल्हा म्हटल्यावर हसले आणि पाण्याकडं बोट केलं. म्हणाले, मग हे तुमचंच की.

आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कोयना धरण आपल्या पाटण तालुक्यातलं. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेला मिळून पूर्वेला जाणारं. पण डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ते खाली कोकणात सोडतात, त्यावर वीज करतात. वीज झाली की ते पाणी वाशिष्ठीत येतं, वाशिष्ठीतून इथं, इथून समुद्रात. घरी आल्यावर शाळेतल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले खरं आहे. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची परवानगी आहे.

आम्ही गप्प बसलो. आमच्याकडं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. त्यातही दोन वर्षं चांगली, तिसरं कोरडं. टँकर आला की भांडी, भांडणं आणि मधूनच कुणाचं तरी डोकं फुटणं. आमच्या बरोबरच्या एकीचा गर्भ हंडे वाहताना पडला, ती तिथंच बसली होती, पाण्याकडं बघत. एकाच जिल्ह्यातलं पाणी, आमच्या रानात न येता डोळ्यांदेखत समुद्रात चाललेलं.

पण रागाच्या भरात अर्धंच सांगू नये. त्याच पाण्याची वीज आपल्या घरात येते, विहिरीवरचा पंप तिच्यावर चालतो, आता हा कार्यक्रमही तिच्यावरच चाललाय. कोयनेची वीज एकोणीसशे साठ मेगावॅटची. आणि त्या म्हाताऱ्यांनीच पुढं सांगितलं की तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, विहिरी आटतात. हे ऐकून आमचं जरा खाली आलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना. बोट लागली, गाडी चढली. मधोमध आल्यावर आत्यांनी पिण्याच्या बाटलीतलं आमच्या गावचं उरलेलं पाणी खाडीत ओतलं. का, ते नियमाप्रमाणं कुणी विचारलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. गुहागरचा किनारा, सुरूची झाडं, व्याडेश्वर. वेळणेश्वर, हेदवीचा दहा हातांचा गणपती. तवसाळहून फेरीबोटीनं जयगड. गणपतीपुळ्याला डोंगराचीच प्रदक्षिणा घालायची असते, ती घातली, मोदक खाल्ले. साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात गेलो, कुणी बघत होतं की नाही ठाऊक नाही.

शेवटच्या सकाळी आरे-वारेचा रस्ता. चढ चढून वर आलं की खाली दोन्ही बाजूंना किनारा दिसतो. पाच दिवसांत आत्यांनी एकदाही 'थांबव' म्हटलं नव्हतं. तिथं म्हणाल्या. उतरल्या, कठड्यापाशी बसल्या. आम्हीही बसलो. अर्धा-पाऊण तास झाला असेल. भाचा दोनदा घड्याळाकडं बघून गप्प राहिला. मग त्या उठल्या, चला म्हणाल्या. आंबा घाट, कोल्हापूर, कराड करत रात्री बाराला गावात.

दुसऱ्या दिवशी त्या राहिलेल्या वहिनीकडं आमसुलं घेऊन गेलो. तिचे पैसे आम्ही मोडले नव्हते, तसेच पाकिटात होते, ते पुढं केले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, डब्यात टाका. पुढच्या खेपेचे माझे आधीच भरलेत असं लिहा.

तसं लिहिलंय.