फाशीची शिक्षा आणि वरचे न्यायालय
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी, समोर हळदीकुंकवाची तबके मांडलेली असताना, फाशीसारखा विषय काढणे कोणास बरे वाटणार नाही हे मी जाणते. चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी तीन विषय सुचविले होते: वारसाहक्क, भाडेकरूंचा कायदा आणि हा. त्या म्हणाल्या, वारसाहक्कावर आपल्याकडे दोनदा भाषणे झाली आहेत आणि भाडेकरूंवर बोललात तर सभागृहात दोन तट पडतील. तेव्हा उरला तो हा.

पण गंमत बाजूला ठेवू या. कोठे एखाद्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला की आपण सगळ्याजणी हादरतो. मोर्चे निघतात, निवेदने जातात, त्यांत एकच मागणी असते की नराधमांना फाशी द्या. पुढे दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी येते, 'फाशी झाली'. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक त्या दिवशी फाशी झालेली नसते. सत्र न्यायाधीशांनी शिक्षा सुनावलेली असते, एवढेच. आणि सत्र न्यायाधीशांची ही एकच शिक्षा अशी आहे की जी त्यांनी दिली तरी तिची अंमलबजावणी होऊ शकत नाही. जन्मठेप दिली तर आरोपी त्याच दिवसापासून ती भोगू लागतो. फाशी दिली तर सगळे कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागतात, आणि उच्च न्यायालयाने ती कायम करीपर्यंत ती शिक्षा कागदावरच राहते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत याचे कलम ३६६ होते. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तीत ते ४०७ झाले. आकडा बदलला, तत्त्व तेच राहिले.

यातली खुबी अशी की आरोपीने अपील केले नाही, वकिलाला द्यावयास त्याच्याजवळ छदाम नसला, किंबहुना 'मला जगावयाचेच नाही' असे तो म्हणाला, तरी कागद वर जातातच. उच्च न्यायालयाचे निदान दोन न्यायमूर्ती ते वाचतात. त्यांचे मतभेद झाले तर तिसऱ्याकडे जातात. आणि वाचावयाचे म्हणजे खालच्या न्यायाधीशांनी बरोबर लिहिले आहे की नाही एवढेच पाहावयाचे नाही. पहिल्या साक्षीदारापासून सगळा पुरावा नव्याने चाळावयाचा. वाटल्यास आणखी पुरावा घ्यावयाचा. मग शिक्षा कायम करा, कमी करा, खटला पुन्हा चालवा म्हणून सांगा, नाहीतर आरोपीला सोडून द्या. आपल्याकडे जुन्या बायका तांदूळ निवडलेले असले तरी भात शिजत घालण्यापूर्वी परातीत एकदा पसरून बघत. तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की येथे खडा राहिला तर दात पडून भागत नाही.

पूर्वीचा कायदा याहून कठोर होता. १८९८ च्या संहितेप्रमाणे खुनाबद्दल फाशी हा नेम आणि जन्मठेप हा अपवाद होता. न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर ती का दिली नाही याची कारणे त्याला लिहावी लागत. १९५५ साली ती अट गेली. १९७३ च्या संहितेने तर उलटे केले: जन्मठेप हा नेम, आणि फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे लिहावयाची. पुढे १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे फाशी घटनेला धरून आहे काय, हाच प्रश्न आला. चौघांनी ती टिकविली. न्यायमूर्ती भगवती यांनी एकट्याने विरोध नोंदविला. मात्र टिकविताना त्या चौघांनी सांगितले की ही शिक्षा दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, आणि केवळ गुन्हा न बघता गुन्हेगारही बघावा. त्याचे वय, परिस्थिती, तो सुधारण्याचा संभव. 'दुर्मिळातले दुर्मिळ' हे शब्द आता इतके गुळगुळीत झाले आहेत की प्रत्येक सरकारी वकील प्रत्येक खटल्यात ते वापरतो. माझ्या मते त्या निकालातला महत्त्वाचा शब्द तो नव्हेच; गुन्हेगारही बघा, हा होय.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातले, नाशिकजवळचे आहे. नावे मी मुद्दामच घेत नाही.

२००३ सालचा जून महिना. पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत एक कुटुंब राहत होते. रात्री काही अनोळखी माणसे आत शिरली. त्यांनी पैसे, दागिने लुटले, आणि नंतर जे केले ते या सभेत सविस्तर सांगण्यासारखे नाही. पाच जण मारले गेले. त्यांत घरचा कर्ता पुरुष होता, त्याची मुले होती, घरी आलेला पाहुणा होता. मुलीवर मरणापूर्वी अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. आपल्यापैकी कोणीही त्या दिवशी निवेदनावर सही केली असती, आणि त्यात वावगे काही नव्हते.

पोलिसांनी सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीचे, मोलमजुरी करणारे, अत्यंत गरीब. वाचलेल्या आईने आणि मुलाने त्यांना ओळखले असे खटल्यात मांडले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण दिल्लीला गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी उरलेल्या तिघांनाही फाशीच दिली. म्हणजे सहाच्या सहा पुन्हा फाशीच्या कोठडीत. तीन पायऱ्या झाल्या होत्या. साधारणपणे येथे गोष्ट संपते. मागे राहतो तो दयेचा अर्ज.

पण ती संपली नाही. त्याच २००९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका पीठाने, निराळ्या खटल्यात, स्पष्ट म्हटले की आधीच्या काही निकालांत फक्त गुन्ह्याची भीषणता बघून फाशी दिली गेली, गुन्हेगाराचा विचारच झाला नाही, आणि हे बचनसिंग निकालाला सोडून आहे. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली, की अशा सदोष निकालांमुळे तेरा माणसे फाशीच्या वाटेवर आहेत, त्यांची फाशी रद्द करावी. त्या तेरांत नाशिकचे हे सहा होते. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असेही पुढे ठरले. मग २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एक नेम घालून दिला: फाशीच्या प्रकरणातला फेरविचाराचा अर्ज न्यायमूर्तींनी आपल्या दालनात बसून निकालात काढावयाचा नाही, तीन न्यायमूर्तींनी तो खुल्या न्यायालयात, जास्तीत जास्त अर्धा तास तोंडी युक्तिवाद ऐकून ठरवावयाचा. अर्धा तास! आपल्या मंडळाच्या अहवाल-वाचनाला याहून जास्त वेळ लागतो. पण त्या अर्ध्या तासाच्या दारातून हे प्रकरण पुन्हा आत आले. २०१८ साली जुना निकाल मागे घेतला गेला आणि अपिले मुळापासून पुन्हा ऐकण्यात आली.

न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शहा हे तिघे ती ऐकावयास बसले. त्यांच्या नजरेत काय भरले? गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी, सगळे ताजे असताना, त्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या छायाचित्रांची वही दाखविली होती. तीतून तिने चार माणसे ओळखली होती. आणि ती चार माणसे पकडलेल्या सहांपैकी नव्हती, वेगळीच होती. त्या चौघांना पकडले गेले नाही, त्यांच्यावर खटला भरला गेला नाही, त्या दिशेने तपासच झाला नाही.

भगिनींनो, येथे थोडे थांबावे असे मला वाटते. नवरा आणि मुले डोळ्यांदेखत गेलेली ही बाई, स्वतः जखमी, दोन दिवसांनी मन घट्ट करून छायाचित्रे बघते आणि बोट ठेवून सांगते, हे ते. तिचे ते बोट कोणी पाहिले नाही. पुढे दुसरीच माणसे तिच्यासमोर उभी केली गेली. तिच्यावर खोटेपणाचा आळ घेण्याचे धाडस मी करणार नाही. अशा रात्रीनंतर, अशा दुःखात, पोलीस म्हणतात ते खरेच असेल असे कोणालाही वाटू शकते. पण पहिले सांगणे आणि नंतरचे सांगणे यांत अंतर पडले, तर त्या अंतराचा फायदा आरोपीला द्यावयाचा, हा फौजदारी न्यायाचा पहिला धडा आहे, आणि तीन पायऱ्यांवर तो दिला गेला नाही.

५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली होती. भटक्या जमातीच्या गरीब माणसांना अशा प्रकरणांत गोवले जाते, त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, हेही न्यायालयाने नमूद केले. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, आणि आईने ज्या चौघांवर बोट ठेवले होते त्यांच्याविरुद्ध पुढील तपास करावा, असे आदेश झाले. पाच लाखांचे गणित मी घरी करून पाहिले. सोळा वर्षांच्या हिशेबाने महिन्याला सव्वीसशे रुपये पडतात.

मला कोणी म्हणेल, हे सगळे आरोपींचे लाड झाले, त्या आईचे काय? अगदी हाच माझा प्रश्न आहे. सहा चुकीची माणसे फासावर चढली असती तर तिला कोणता न्याय मिळाला असता? उलट, ती चढली असती तर तिने दाखविलेले चौघे कायमचे विसरले गेले असते. वरच्या न्यायालयाची तपासणी जितकी आरोपीसाठी तितकीच तिच्यासाठीही होती.

दुसरा आक्षेप विलंबाचा, आणि तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. कोल्हापूरच्या दोघी बहिणींचे प्रकरण तुम्हा सर्वांना आठवत असेल. लहान मुले पळवून, चोऱ्यांसाठी त्यांचा उपयोग करून, त्यांचे जीव घेतल्याचे ते प्रकरण. २००१ साली कोल्हापूरला फाशी, २००४ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने. पाच वर्षांत तिन्ही पायऱ्या संपल्या. हे काही फार नव्हे. खरा उशीर पुढे झाला. दयेचे अर्ज सरकारी दप्तरांतून फिरत जवळजवळ आठ वर्षे पडून राहिले, आणि त्या उशिरापायी २०२२ साली उच्च न्यायालयाने दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली. गुन्ह्याबद्दल तेथे शंका उरलेली नव्हती. पण रोज सकाळी 'आज काय' म्हणत आठ वर्षे कोणालाही लटकत ठेवणे ही निराळीच शिक्षा होते, आणि ती कायद्याने कोणी दिलेली नसते. तेव्हा विलंबावर रागवावयाचे तर न्यायमूर्तींच्या वाचनावर नव्हे, टेबलावर पडून राहिलेल्या फायलींवर रागवा.

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशीचा विचार करावयाचा असेल तर आरोपीचे बालपण, घर, मनाची अवस्था, तुरुंगातली वागणूक यांची माहिती सत्र न्यायालयातच गोळा करावी. १९८० साली बघा म्हणून सांगितलेला तो गुन्हेगार निदान कागदावर तरी दिसू लागेल. आणि शिक्षा झालेली स्त्री गरोदर असेल तर तिची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदललीच पाहिजे, असेही कायद्यात आहे. पूर्वी नुसती पुढे ढकलण्याचीही मुभा होती. ती काढून टाकली गेली. मागच्या बैठकीत एका भगिनीने हे विचारले होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

माझी वेळ संपत आली आहे असे चिटणीसबाई खुणावीत आहेत. चहापूर्वी कोणाला काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालेल.