तीन रकान्यांचा कागद



आमच्या मिरजेत थंडी म्हणजे फार तर महिनाभराची पाहुणी. कानटोप्या बाहेर निघतात, सकाळी चहाच्या गाड्यावर गर्दी होते, आणि थंडी जरा बरी पडली म्हणेपर्यंत ती निघूनही जाते. थंडीला भिऊन गाव सोडावं असं आपल्याला कधी वाटत नाही. पण माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तीसेक वर्षं कॅनडातल्या कॅलगरीत राहते. तिथं हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो. तिथले हजारो निवृत्त लोक थंडी सुरू झाली की मोटारी घेऊन दक्षिणेकडं निघतात. कुणी अमेरिकेतल्या फ्लोरिडा-ॲरिझोनात राहतं, कुणी आणखी खाली मेक्सिकोत जातं, आणि बर्फ वितळल्यावर परत येतं. त्यांना तिथं ‘स्नोबर्ड’ म्हणतात. उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी आपण पाहतो, तशातलाच प्रकार.

२०२३च्या सप्टेंबरात मी आपाकडं गेलो, तेव्हा घरात हाच विषय चालू होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आपा दारातल्या बर्फावरून घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. गुडघे आधीच दुखत होते. दुल्हेभाई निवृत्त झालेले. त्यांनी ठरवलं, यंदाचा हिवाळा मेक्सिकोत काढायचा. ॲरिझोनापेक्षा तिथं राहणं स्वस्त पडतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला निघायचं, तेही स्वतःच्या गाडीनं. अंतर किती? तीन हजार किलोमीटरच्या वर.

मी म्हणालो, “मेक्सिको? तिथं टोळ्या आहेत, खंडणी आहे, माणसं गायब होतात!” माझ्याकडं अमेरिकेचा व्हिसा नव्हता, म्हणजे मी सोबत जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्याला जायचं नसतं, त्याच्याकडं सल्ले भरपूर असतात.

आपा कधीकाळी शाळेत गणित शिकवायची. तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर तीन रकाने आखले. पहिला, काय घडू शकेल. दुसरा, घडलं तर किती नुकसान. तिसरा, आपल्या हातात काय आहे. “सांग आता तुझ्या भीत्या,” ती म्हणाली. “एकेक करून सांग.”

अर्थात टोळ्या सर्वांत वर आल्या. ही भीती काही हवेतली नव्हती. ५ जानेवारी २०२३ रोजी मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात, कुलियाकान शहराजवळ, एल चापो या कुख्यात तस्कराच्या मुलाला, ओविदियो गुस्मानला, लष्करानं पकडलं. त्याच्या टोळीनं वाहनं पेटवून रस्ते अडवले, विमानतळ बंद पडले, धावपट्टीवरच्या प्रवासी विमानाला गोळ्या लागल्या. त्याच राज्यातल्या मासातलान या समुद्रकाठच्या शहरात पर्यटक अडकून पडले. आणि दुल्हेभाईंना जायचं होतं ते नेमकं मासातलानलाच. त्यांच्या एका ओळखीच्या माणसानं तिथली जागा स्वस्तात देऊ केली होती.

इथं मला माझीच एक गोष्ट आठवली. पुण्याच्या एका साहित्यिक मित्राला मी ईदला जेवायला बोलावलं होतं. येण्याआधी त्यानं फोनवर जरा अडखळत विचारलं, “तुमच्या भागात गाडी लावायला सुरक्षित आहे ना?” तो आला, दोनदा बिर्याणी घेतली, शिरखुर्म्याची कृती लिहून घेतली. गाडीला ओरखडाही उमटला नाही. त्याचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. मी आपाला म्हणालो, “आपण मेक्सिकोबद्दल तसंच तर करत नाही ना? न पाहिलेल्या मोहल्ल्याला नावं ठेवतोय का आपण?”

मला वाटलं, मी फार मोठी गोष्ट बोललो. आपानं ती लगेच खाली ठेवली. “तुझ्या गल्लीची गोष्ट इथं लावू नकोस,” ती म्हणाली. “कुलियाकानला खरोखर गोळ्या चालल्या. तुझ्या मित्राला कुणी गोळी घालणार नव्हतं. भीती खरी की खोटी हे असं एका दमात ठरत नाही. तिला तीन प्रश्न विचारायचे. कुठं? कधी? कुणाला?”

मग ती प्रश्न विचारत बसली. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांसाठी सूचना काढतं, तेव्हा सगळ्या मेक्सिकोला एकाच शिक्क्यात बसवत नाही. राज्यागणिक चार पायऱ्या आहेत. सिनालोआ शेवटच्या पायरीवर होतं, म्हणजे जाऊच नका. युकातान मात्र पहिल्या, निर्धास्त पायरीवर. कॅनडाच्या सूचनाही अशाच, कुठं कुठं तर शहरागणिक. आपानं नकाशा काढला आणि मासातलानवर काट मारली. दुल्हेभाई दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सान कार्लोसचं नाव काढलं. सोनोरा राज्यात, ग्वायमास शहराजवळ, कोर्तेसच्या समुद्राकाठी. कुलियाकानपासून साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला. सोनोराही काही अगदी निर्धोक नव्हतं, पण नोगालेसच्या सीमेपासून तिथपर्यंत एकच महामार्ग, अंतर चारशेच्या आसपास, आणि सल्लाही एकच: दिवसाउजेडी जा, मोठा रस्ता सोडू नका.

‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडलं. मेक्सिकोत रात्री गाडी चालवू नका, असं सगळेच सांगतात. मला वाटलं, दरोडेखोरांमुळं. तेही एक कारण आहेच. पण त्याइतकंच मोठं कारण म्हणजे रस्त्यावर बसलेल्या गाई, दिवा नसलेले ट्रक आणि गाव आलं की अचानक उगवणारे गतिरोधक. तिकडं त्यांना ‘तोपे’ म्हणतात. मी म्हणालो, “दुल्हेभाई, ही तर आपली पंढरपूरची वाट!” आणखी एक साम्य निघालं. तिथला पुढचा ट्रकवाला डावा दिवा लावतो, त्याचा अर्थ कधी ‘मी वळतोय’ असा, तर कधी ‘रस्ता मोकळा आहे, जा पुढं’ असा. आपल्याकडं ट्रकवाला उजव्या बाजूनं हेच करतो. ज्यानं तरुणपणी मिरज-सोलापूर गाडी चालवली, त्याला हे निराळं शिकवावं लागत नाही.

तिसरा रकाना भरता भरता कागद कंटाळवाणा होत गेला, आणि मला वाटतं तिथंच तो खरा होत गेला. कॅनडातला मोटारविमा मेक्सिकोत चालत नाही. तिथल्या कंपनीचा वेगळा घ्यावा लागतो. तो नसताना अपघात झाला, तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवूनही ठेवतात. बंदुकीची एक गोळी जरी गाडीत सापडली तरी तो गंभीर गुन्हा. पर्यटक परवाना जास्तीत जास्त १८० दिवसांचा, आणि तो नोगालेसच्या दक्षिणेला २१व्या किलोमीटरवरच्या नाक्यावर मिळतो. गाडी बंद पडली तर ०७८ हा क्रमांक फिरवायचा, ‘हिरवे देवदूत’ नावाची सरकारी गस्तीची गाडी येते.

मग दुल्हेभाईंच्या गोळीची गोष्ट निघाली. १५ सप्टेंबरला डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली होती. कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आपा प्रवासातल्या आजारपणाच्या विम्याचा कागद भिंगानं वाचत होती. त्यात एक अट होती: निघण्याआधीच्या ९० दिवसांत औषध बदललेलं असेल, तर त्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही. वाटेत अमेरिका होती. तिथल्या इस्पितळात हृदयविकारानं चार दिवस काढावे लागले, तर आयुष्यभराची पुंजी जाते. प्रांताचा सरकारी विमा परदेशातल्या अशा खर्चाचा अगदी थोडा भाग देतो.

म्हणजे १ नोव्हेंबरला निघालं तर विमा नाही. नव्वद दिवस भरेपर्यंत थांबलं तर डिसेंबर उजाडणार, आणि वाटेवरचे डोंगर बर्फानं भरणार. मोंटाना आणि आयडाहो यांच्या सीमेवर मोनिडा नावाची खिंड आहे, साडेसहा हजार फुटांच्याही वर. दुल्हेभाई म्हणाले, “काही होत नाही मला. बर्फ पडायच्या आत निघू.” आपा म्हणाली, “बर्फात थांबता येतं. हॉटेलात दोन दिवस जास्त राहू. छातीत कळ आली तर तिला थांब म्हणता येत नाही.” त्या रात्री पहिल्यांदा त्या दोघांचं खरं भांडण झालं. ते मेक्सिकोवरून नव्हतं. आपल्याला काही होऊ शकतं, हे मान्य करण्यावरून होतं.

कागदावर एक ओळ मी लिहिली नव्हती. ती दुल्हेभाईंनी लिहिली. ‘सीमा.’ त्यांचा पासपोर्ट कॅनडाचा आहे, पण त्यावर नाव त्यांचं आहे आणि जन्मगाव मिरज आहे. २००३ साली एका विमानतळावर त्यांना चार तास बाजूला बसवून ठेवलं होतं. कुणी हात लावला नाही, कुणी अपशब्दही बोललं नाही. नुसतं बसवलं. पण शेजारच्या बाकावर धाकटी मुलगी होती, आणि ती विचारत होती, “अब्बा, आपण काय केलं?” वीस वर्षं ते अमेरिकेच्या वाटेला गेले नव्हते. टोळ्यांबद्दल आम्ही तासन्‌तास बोललो, आणि या ओळीपाशी सगळे गप्प झालो. ‘कुठं, कधी, कुणाला’ यातलं ‘कुणाला’ इथं फार टोकदार होतं. आपानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं: घराच्या कराची पावती, परतीची तारीख, औषधं मूळ बाटल्यांत, थर्मासमध्ये चहा, सब्र.

नोव्हेंबरअखेरीस मी परतलो. १५ डिसेंबरला ते निघाले. दिवसाला पाचशे किलोमीटरच्या आत, अंधार पडायच्या आत मुक्काम. रोज त्यांचा फोन येईपर्यंत मी अस्वस्थ असायचो. अमेरिकेच्या सीमेवर अधिकाऱ्यानं विचारलं, कुठं चाललात, किती दिवस, खायचं काय काय आहे. आपानं डबा उघडला. ताजा कढीपत्ता न्यायला मनाई आहे, त्यातून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो. तेवढा काढून घेतला आणि गाडी सोडली. दुल्हेभाई फोनवर हसत होते, पण आपानं नंतर सांगितलं, पुढचे वीस किलोमीटर त्यांचे हात चाकावर थरथरत होते. मोनिडाच्या अलीकडं बर्फामुळं एक दिवस थांबावं लागलं. २२ डिसेंबरच्या पहाटे टुसॉनहून निघून, सीमा ओलांडून, ते ऊन असतानाच सान कार्लोसला पोहोचले.

मला २००९ आठवलं. त्या सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात, मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. आपा कॅलगरीहून रोज फोन करायची, “निघा तिथून, इकडं या.” आणि मी म्हणायचो, “अगं, आमच्या गल्लीत सगळं ठीक आहे, शेजारच्या काकूंनी दूध आणून दिलंय.” आता मी विचारत होतो आणि ती सांगत होती, “अरे, इथं सगळं ठीक आहे, शेजारणीनं मासे आणून दिलेत.” लांबून गाव एकाच रंगाचं दिसतं. जवळ गेलं की त्याच्या गल्ल्या दिसतात. पण त्या वेळी मी आपाला सगळं सांगितलं नव्हतं. म्हणून तीही मला सगळं सांगत नसेल, हेही मला ठाऊक होतं.

१३ जानेवारी २०२४ रोजी अल्बर्टा प्रांतात इतकी कडाक्याची थंडी पडली, की वीज अपुरी पडू लागली. लोकांच्या फोनवर सरकारचा तातडीचा इशारा आला: विजेचा वापर कमी करा. कॅलगरीत पारा उणे पस्तीसच्या आसपास होता. आपाच्या मुलीनं तो इशारा आईला पाठवला. आपा तेव्हा समुद्रावर, पातळ शाल घेऊन बसली होती. कागदावर सुरक्षित म्हणून धरलेलं घर त्या रात्री काही फार सुरक्षित नव्हतं.

हा हिशेब एकदा करून भागत नाही. २०२४च्या जुलैत सिनालोआ टोळीचा जुना म्होरक्या इस्माएल साम्बादा अमेरिकेत पकडला गेला, आणि सप्टेंबरपासून तिथं टोळीतल्याच दोन गटांत उघड लढाई सुरू झाली. मासातलानवरची ती काट दुल्हेभाईंनी मग मुकाट्यानं मान्य केली. त्या वर्षी आपानं नवा कागद घेतला. जुन्यावरचं काही उतरवून घेतलं नाही, सगळे प्रश्न पुन्हा विचारले. दुल्हेभाईंच्या गोळीची तारीख या खेपेला त्यांनी स्वतः सांगितली.

जुना कागद मी मागून घेतला. माझ्या टेबलाच्या काचेखाली तो आहे. मुलगा रात्री मोटारसायकल काढून बाहेर निघाला की माझ्या मनात दहा भयंकर चित्रं उभी राहतात. मी कवी आहे, चित्रं उभी करणं हाच माझा धंदा. मग मी काचेखाली बघतो आणि त्याला एवढंच विचारतो, “मागचा दिवा लागतोय का रे?”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)