दऱ्या, दर्या आणि असेंब्लर



अध्यक्षीय भाषणात कृत्रिम बुद्धिमत्ता यायलाच हवी, अशी हल्ली रीत पडली आहे. मी ती मोडतो. कंपायलर असेंब्ली लिहितो तेव्हा आपण दिलेल्या नावांचे काय होते, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

आपण नाव देतो ते भाषेच्या नियमांनी. असेंब्लरचे नियम निराळे. एक्स-८६च्या एटी अँड टी शैलीत डॉलर म्हणजे स्थिरांक आणि टक्क्याची खूण म्हणजे रजिस्टर. इंटेल शैलीत टक्काही लागत नाही. त्यामुळे तिथे सीमधल्या चलाला कोणी ईएएक्स नाव दिले, तर असेंब्लर त्याला रजिस्टरच समजतो. जुन्या युनिक्सवरचे सी कंपायलर प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर लावत, त्याने असला घोळ टळे. मॅकओएसवर ती प्रथा टिकून आहे. लिनक्सने ईएलएफकडे वळताना ती सोडली.

मला सर्वांत आवडते ती हॅस्केलच्या जीएचसीची पद्धत. हॅस्केलमध्ये नुसते अधिकचिन्हसुद्धा फंक्शनचे नाव असते. जीएचसी त्याचे करतो झेड-पी, अंडरस्कोरचे झेड-यू, टिंबाचे झेड-आय. मग नावात मुळातच झेड असेल तर? त्याचे दोन झेड! ही तरतूद करणाऱ्याला विषय पुरता कळला होता. बदललेल्या नावावरून मूळ नाव नेमके परत मिळाले पाहिजे, आणि दोन नावांचा एकच सिंबॉल होता कामा नये. नको त्या खुणेच्या जागी सरसकट अंडरस्कोर ठोकणारी साधने या दोन्ही अटी पहिल्याच दिवशी मोडतात.

आता आपली लिपी. 'बेरीज' नावाचे फंक्शन दोन इंट घेते असे समजा. जीसीसीच्या सी प्लस प्लसमध्ये त्याचा सिंबॉल होतो अंडरस्कोर, झेड, १५, मग बेरीज आणि शेवटी दोन आय. हे १५ म्हणजे बाइट: यूटीएफ-८मध्ये ब, एकार, र, ईकार आणि ज यांना प्रत्येकी तीन. जावाच्या जेएनआयमध्ये याच पाच खुणांची ३० अक्षरे होतात. रस्टच्या नव्या पद्धतीत प्युनीकोड येतो, जो मुळात डोमेन-नावांसाठी २००३मध्ये प्रमाणित झाला.

खरी गोम आहे ती 'दऱ्या'मध्ये. हा ऱ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ०९३१ हा स्वतंत्र सांकेतांक आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचा अदृश्य जोडक. पडद्यावर फरक दिसत नाही. लिंकर मात्र बाइट पाहतो. एका फाइलीत पहिली तऱ्हा आणि दुसरीत दुसरी असेल, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ठरलेला; आणि संदेशातले नाव तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसते! युनिकोडचे सामान्यीकरणही या दोघांना एक करत नाही. एखाद्या साधनाने जोडक गाळलाच, तर दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे दोन चलांचा एकच चल. सी११ने हा जोडक नावात चालवून घेतला होता, सी२३ने घेतला नाही.

जोडकाला पुन्हा मुभा मागावी, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. कीबोर्डांनी ०९३१च द्यावा, आणि नावात जोडक सापडला तर कंपायलरने चूक दाखवताना त्याचा सांकेतांक छापावा. दुपारच्या सत्रात आपण कंपायलरांसाठी चाचणी-नावांची यादी करणार आहोत. दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या ही नावे कृपया दोन्ही तऱ्हांनी टंकून आणा.